शनिवारची पानं

शनिवारी चूल पेटवायची नाही आणि शनिवारीच घरात सगळ्यात जास्त पानं वाढायची, हा कारभार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला निव्वळ वेडेपणा वाटला होता. मी मोरगावची. मयूरेश्वराच्या देवळाच्या वाटेवर आमची खाणावळ. चतुर्थीला, भाद्रपदात, माघात अष्टविनायकवाल्यांच्या गाड्या लागल्या की आईची चूल पहाटे पेटायची ती रात्रीच विझायची. माणसं वाढली की जाळ वाढवायचा आणि आमटीत पाणी, एवढंच शास्त्र आमच्याकडे. जाळच नाही म्हटल्यावर पंगत उठणार कशी?

टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि पुण्यात रास्ता पेठेतल्या एका वाड्यात खोली मिळाली. वरच्या मजल्यावर एक बेने इस्रायल कुटुंब राहत होतं. मराठी बोलणारं, आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेलं. आजी, थोरला मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लग्न न केलेली मावशी. एवढी माणसं कायमची. शनिवारी मात्र धाकटा मुलगा बायकोमुलांसह यायचा, दोन्ही जावई यायचे, आजींचे भाऊ यायचे, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. त्यांचं नेमकं नातं काय हे शेवटपर्यंत कुणी मला पटेल असं सांगितलं नाही. आजींना सगळे ‘बाय’ म्हणत. माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी लागली होती, त्यामुळे मीही त्या पंगतीत बसू लागले. “पोरी, खोलीत एकटीनं काय गिळतेस, वर ये,” एवढंच आमंत्रण होतं आणि ते कायमचं होतं.

यहुदी धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. मोजायचा मात्र शुक्रवारच्या सूर्यास्तापासून, कारण त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. या काळात काम नाही, प्रवास नाही, पैशाला हात नाही आणि विस्तव नाही. आमच्या वरच्या मजल्यावर या दिवसाला ‘शब्बाथ’ म्हणत. म्हणजे खरी लढाई शुक्रवारची. सकाळी मासे यायचे, आदल्या दिवशी आलेलं मटण मिठातून निघालेलं असायचं, आणि दुपारी चारपर्यंत दोन वेळचा स्वयंपाक तयार पाहिजे. हिवाळ्यात सूर्य लवकर बुडतो, तेव्हा तीनलाच घाई. मावशी नारळ खवायला बसायच्या आणि घरातल्या कुणालाही त्या वेळी त्यांच्याशी बोलायची हिंमत नसायची.

मटणाची गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ‘कोशर’ म्हणजे काय ते त्यातूनच कळतं. रक्त खायचं नाही, हा मूळ नियम. जनावर कापायचं ते शिकलेल्या माणसानं, ठरावीक धारेच्या सुरीनं, एका ओढीत. घरी आलेलं मटण बाय अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, मग जाड्या मिठात चांगलं घोळून उतरत्या फळीवर तासभर मांडायच्या. फळीखाली परात. मीठ रक्त ओढून घेतं आणि ते परातीत गळतं. मग तीन पाण्यांनी धुवायचं. काळीज असेल तर मिठानं भागत नाही, ते थेट विस्तवावर भाजायचं. मी पाहत उभी होते तेव्हा बाय म्हणाल्या, “तुमच्याकडे सोवळं असतं ना, तसंच हे. फक्त भिजल्या लुगड्याऐवजी भिजलेलं मटण.” मावशींना ही तुलना आवडली नाही.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. तोरा म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ. करडू त्याच्या आईच्याच दुधात शिजवायला त्यात मनाई आहे. त्या आज्ञेचा विस्तार होत होत भांडीसुद्धा वेगळी झाली. मटणाचा टोप दुधाला चालत नाही. मटण खाल्लं की त्यानंतर काही तास चहा बिनदुधाचा आणि ताक अजिबात नाही. आता विचार करा, देशावरच्या माणसाला तिखट रश्शानंतर ताक नाही! पण ही माणसं मूळची कोकणातली. तिथं रश्शाला दाटपणा यायला दही-मलई लागतच नाही, नारळाचं दूध असतं. नारळ हे झाडाचं फळ. ते मटणाबरोबरही चालतं आणि खिरीतही चालतं. युरोपातल्या यहुदी बायकांना ज्या अडचणीवर डोकं चालवावं लागलं, ती आमच्या अलिबागकडे नारळानं परस्पर सोडवून टाकली. पुण्यात राहायला येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, तरी या घरात आठवड्याला नारळांची एक पिशवी लागायचीच.

शुक्रवारी दिवेलागणीला बाय काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल आणि वात असा दिवा लावायच्या, डोळ्यांवर हात धरून पुटपुटायच्या. थोरला मुलगा ‘किद्दुश’ म्हणायचा. ही प्रार्थना द्राक्षरसावर म्हणतात. जगात इतरत्र त्यासाठी मद्य असतं. इथं काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, फडक्यातून गाळून केलेलं सरबत. ते करण्याचं काम नातवंडांचं होतं आणि गाळताना किती मनुका तोंडात जात त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मग झाकून ठेवलेल्या दोन पोळ्या उघडायच्या, मिठाला लावून तुकडे करायचे, वयाच्या क्रमानं द्यायचे. माझा नंबर नातवंडांच्या आधी आणि सुनेच्या नंतर लागायचा.

शनिवारी सकाळी पुरुषमंडळी आणि बऱ्याच बायका चालत ‘सुक्कथ शेलोमो’मध्ये जायच्या. रास्ता पेठेतलं हे बेने इस्रायलांचं प्रार्थनास्थळ १९२१ सालचं. पुणेकरांना बहुधा दुसरंच माहीत असतं, लष्करातलं लाल देऊळ. ते डेव्हिड ससूननं बांधवलं, १८६७ मध्ये पुरं झालं, त्याचा नव्वद फुटी मनोरा लांबून दिसतो आणि ससूनची कबरही त्याच आवारात आहे. पण ससून बगदादहून आलेला व्यापारी. बगदादी यहुदी वेगळे आणि बेने इस्रायल वेगळे. बगदादी घरात अरबी आणि पुढे इंग्रजी, इथं आजीच्या आजीपासून मराठी. लाल देवळाबद्दल बाय आदरानं बोलत, पण तिथल्या गोष्टी सांगताना ‘ते लोक’ असा शब्द हमखास यायचा.

बाराच्या सुमाराला माणसं परत येऊ लागायची. दारातून येणारा प्रत्येक जण चौकटीवर तिरक्या ठोकलेल्या छोट्या डबीला बोटं लावून ती ओठांना लावायचा. तिच्यात तोरातल्या ओळी लिहिलेली चामड्याची गुंडाळी असते. मग एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना. एवढी माणसं एकमेकांना असं भेटायची म्हणजे पाऊण जिना अडलेला. पानं जमिनीवरच मांडायची, कारण घरातल्या टेबलावर पाचच माणसं मावत. भात आणि नारळाच्या दुधातला मटणाचा हिरवा रस्सा, तळलेले मासे, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर (दह्याशिवाय, शेंगदाण्याचा कूट घालून, आणि हा कूट मी त्या घरात नेला असा माझा दावा आहे). सगळं आदल्या दिवशीचं, कोमट नाहीतर गारच. पण शिळा रस्सा मुरलेला असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या खाणावळीत दुसऱ्या दिवशीची आमटी आई गुपचूप घरच्यांसाठीच राखून ठेवायची.

स्वयंपाकघरात दुपारी अंधार असे. दिव्याचं बटण दाबणं म्हणजेही विस्तव, म्हणून कुणी दाबत नसे. बाय मला कधी ‘दिवा लाव’ म्हणाल्या नाहीत. आपल्याला जे करायचं नाही ते दुसऱ्याला सांगून करून घेणं हेही बरोबर नाही, असं त्यांचं मत. मी पाणी प्यायला आत गेले की मला अंधारात दिसत नाही म्हणून माझ्यापुरता दिवा लावायची आणि येताना विसरायची. या विसरण्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

जेवताना गप्पा काय? लग्नं. रेल्वेच्या बदल्या. कोण इस्रायलला जायला निघालाय. कुणाच्या मुलीनं कोणाशी ठरवलंय आणि तो आपल्यातला आहे का. आणि वाद. बायचा एक भाऊ आणि ते अनाकलनीय काका दर शनिवारी एकाच विषयावर भांडत: आपले पूर्वज नेमके कधी आले. दोघांकडेही पुरावा नव्हता, त्यामुळे वाद कधी संपायचा नाही.

परंपरा अशी की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं. नवगावला ती दफनभूमी आजही दाखवतात. सामान, ग्रंथ, सगळं समुद्रात गेलं. वाचलेली माणसं अष्टागरातल्या गावांत पांगली, तेलाचे घाणे घालू लागली, आणि ज्या गावात राहिली त्याचंच आडनाव लावू लागली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

आता यातली माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या माणसांना मधल्या शतकांत हिब्रू विसरायला झालं होतं. धर्मगुरू नव्हता, पोथी नव्हती, प्रार्थना म्हणून एक ‘शेमा’ तेवढी तोंडात राहिलेली. मग राहिलं काय? मुलाची सुंता, शनिवारची सुट्टी, आणि काय खायचं, काय नाही खायचं. डेव्हिड राहबी नावाचा यहुदी विद्वान कोकणात आला, त्याची कथा प्रसिद्ध आहे. तो नेमका कोणत्या काळातला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ही माणसं खरोखर यहुदी आहेत का हे पाहायला त्यानं घरातल्या बायकांना मिसळीचे मासे आणून रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोराचा नियम नेमका हाच. राहबीनं पुरुषांना प्रश्न विचारून पाहिले की नाही ठाऊक नाही. त्याची खात्री पटली ती मात्र माशांच्या टोपलीपाशी. कथा खरी असो नसो, स्वतःबद्दल सांगायला त्यांनी हीच कथा निवडली, यातच मला सगळं आलं. पोथी हरवली तेव्हा बायकांच्या हातांनी धर्म सांभाळला, आणि तो सांभाळायची जागा पंगत होती. तेव्हा शनिवारच्या जेवणाला ‘कौटुंबिक स्नेहभोजन’ म्हणणारे लेख वाचले की मला हसू येतं.

सणांची त्यांची जुनी नावं ऐका म्हणजे पटेल. नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करायचा तो ‘खिरीचा सण’. वर्षातला सगळ्यात कडक उपवास, ज्या दिवशी पांढरे कपडे घालून दारं लावून बसायचं, तो ‘दारफळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्माचा ‘शिळा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’: वालाचं बिरडं, जमिनीवर बसून, पानावर खायचं. इजिप्तमधून सुटकेचा पेसाह म्हणजे ‘अनाशी ढाकायचा सण’, आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा. हिब्रू नावं पुढे परत आली, शाळा निघाल्या, १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली, पण बायच्या तोंडी जुनीच नावं असायची. एक मजा अशी की हनुक्का हा आता जगभर गाजलेला दिव्यांचा सण यांना पूर्वी ठाऊकच नव्हता. म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच आपण निघालो, असं बायचे भाऊ म्हणायचे. काका म्हणायचे, विसरलो असू.

नव्याच्या सणाचा हलवा हा माझा प्रांत. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा. मोरगावकडच्या बाईला गव्हाचा चीक कुणी शिकवायचा? आम्ही उन्हाळ्यात कुरडयांसाठी घमेल्यांनी काढतो. पहिल्याच वर्षी मी पदर खोचून बसले आणि मावशींनी मला वाटणावर नेमून टाकलं, ते कायमचं. फरक पुढे होता. आमच्याकडे चिकाला हिंग-मीठ लावून शिजवतात. इथं चीक, नारळाचं दाट दूध आणि साखर एकत्र करून मोठ्या पातेल्यात हलवत बसायचं. तासन्‌तास. हात थांबला की तळाला लागतो. घरातला प्रत्येक जण पाळीपाळीनं उलथनं धरायचा, जावईसुद्धा, आणि त्या पातेल्याभोवती वर्षभराची भांडणं मिटायची किंवा नव्यानं सुरू व्हायची. चीक पारदर्शक होऊन कडा सोडू लागला की वेलची, जायफळ, जरा गुलाबी रंग. तुपाऐवजी नारळाच्या दुधालाच सुटलेलं तेल लावलेल्या ताटात ओतायचा, वर बदामाचे काप. थंड झाल्यावर शंकरपाळ्यासारखे तुकडे. दूध-तूप नसल्यानं मटणाच्या जेवणावरही बिनघोर खाता येतो, गोम तिथंच आहे.

पेसाहच्या आधी घराला चुना लागायचा आणि तांब्या-पितळेची भांडी कल्हईला जायची. आठ दिवस खमीर घरात चालत नाही. भात मात्र चालतो. युरोपातले बरेच यहुदी त्या दिवसांत तांदूळही वर्ज्य मानतात. कोकणी माणसाला तसा नियम कुणी सांगितला असता तर तो नियमच टिकला नसता. त्या रात्री वाचायच्या पोथीला ‘हगादा’ म्हणतात. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत ती छापली गेली. तिच्यातल्या चित्रांचा साचा युरोपीय, पण साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताना, भाजताना दिसतात. या शहरात एवढी छापील पुस्तकं झाली, त्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायका पहिल्या पानांपाशी असलेलं धर्माचं पुस्तक मला दुसरं ठाऊक नाही.

मलिदा हा खास बेने इस्रायलांचाच, जगात दुसऱ्या कुठल्याही यहुद्यांकडे असा नाही. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवी जागा घेतली असो: एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावानं ताट भरायचं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती पाच फळं आणि सबजाची डहाळी. हिब्रू प्रार्थना म्हणून एकेक फळावर आशीर्वाद, मग वाटप. अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे. एलिया रथातून स्वर्गात गेला तेव्हाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण त्यावर आहे अशी श्रद्धा, आणि माघाच्या सुमारास तिथं जत्रा भरते. मलिदा हे नाव दर्ग्यातल्या प्रसादाचं, ताट सत्यनारायणाच्या शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही असं, आणि प्रार्थना अस्सल हिब्रू. यावर ‘संस्कृतींचा संगम’ वगैरे लिहिण्याचा मोह होतो. पण संगमात कोण कुठलं पाणी हे विचारत नाही. ही माणसं मात्र अगदी काटेकोर विचारत असत.

ते मला कळलं मोरगावला. एका रविवारी अख्खा गोतावळा टेम्पो करून आमच्या गावी आला. शनिवारी प्रवास नाही, म्हणून रविवार. जेजुरीचा चढ लांबूनच पाहून गाडी मोरगावला आली. आमचं देऊळ बाहेरून गढीसारखं, उंच तट आणि चारी कोपऱ्यांना मिनार. बाय म्हणाल्या, “हे तर आमच्या मशिदीसारखं.” ते प्रार्थनास्थळाला घरात मशीदच म्हणत. नगारखान्याजवळच्या मोठ्या नंदीपाशी मुलं खेळली, कऱ्हेच्या पात्रात उतरली, मोठी माणसं बाहेर सावलीला बसली. आत कुणी गेलं नाही आणि आईनं आग्रह केला नाही.

प्रश्न होता जेवणाचा. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न यहुद्यांना चालत नाही. प्रसाद नाकारायचा म्हणजे आमच्या गावात यजमानाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. मी आदल्या दिवशी आईला हळूच सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प राहिली. मग म्हणाली, “नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांचं काढून ठेवते. देव थोडा उशिरा जेवेल.” आणि तिनं काढून ठेवलं, वेगळ्या पातेल्यांत, झाकून. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, भरलं वांगं, खर्डा आणि खापराच्या गाडग्यातलं दही. मांसाचा वासही नसलेली खाणावळ, म्हणजे भांड्यांचीही चिंता फारशी नाही. प्रवासात बेने इस्रायल माणसं शाकाहारी जागा शोधतात ती याचसाठी. बायनी दह्याच्या वाटीवर वाटी घेतली. शनिवारी त्यांना दही खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं. निघताना त्यांनी आईला विचारलं, आधी काढून ठेवल्याचं देवाला चाललं का? आई म्हणाली, “पाव्हणा उपाशी राहिलेला त्याला चालत नाही.” दोघींनी एकमेकींच्या नियमाला हात लावला नाही आणि दोघींचाही नियम शाबूत राहिला. मोदक मात्र तसेच राहिले, ते आम्ही खाल्ले.

सगळं असंच गोड होतं असं मात्र नाही. याच समाजात पूर्वी ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. आईबाप दोघंही समाजातले ते गोरे, आई बाहेरची असली की वंश काळा. रोटीबेटीचा व्यवहार नसे. सात जोडपी एका गलबतातून वाचली म्हणायचं आणि पंगतीत पानं वेगळी मांडायची! हा प्रकार त्यांना गलबतातून आणावा लागला नाही, किनाऱ्यावर आमच्याकडे तयार होता. विषय निघाला की बाय पान वाढायला उठत.

आता पंगत आटली आहे. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक बेने इस्रायल तिकडे गेले. इथं छळ झाला म्हणून नव्हे; या देशात आम्हाला कुणी बोट लावलं नाही, हे वाक्य मी त्या घरात असंख्य वेळा ऐकलं. तिकडे गेल्यावर मात्र धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबाबत शंका काढली, त्यासाठी जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी आहेत असं जाहीर केलं. माशांची टोपली पुन्हा एकदा, फक्त सरकारी. दिमोना, लोद, अश्दोद, बेरशेबा अशा गावांत आज मराठी ऐकू येतं, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. स्वातंत्र्याच्या सुमारास इथं वीस हजारांच्या घरात असलेला समाज. २०११ च्या जनगणनेत सगळे यहुदी धरून देशात ४,६५० आणि महाराष्ट्रात २,४६६. राज्य सरकारनं २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा तो घ्यायला रास्ता पेठेतली बरीचशी घरं रिकामी झालेली होती.

बायची मधली मुलगी आधी गेली, मग धाकटा मुलगा, मग थोरल्याची दोन्ही मुलं. बाय गेल्या नाहीत, पुण्यातच वारल्या. काका आणि बायचे भाऊ दोघंही आता नाहीत, त्यामुळे पूर्वज कधी आले हा प्रश्न तसाच पडून आहे. थोरला मुलगा आणि सून अजून इथं आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेली. शनिवारी मी जाते, आता निवृत्त असल्यानं सुट्टीचा प्रश्न नाही. आम्ही टेबलावर बसतो, जागा उरते. मटण महिन्यातून एखादेवेळी, कारण कोशर मटण मुंबईहून सांगून आणावं लागतं. एरवी मासे, ते कापायला कुणाची परवानगी लागत नाही.

गप्पांचा वार आता शुक्रवार झाला आहे. इस्रायल आपल्यामागे अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. आपल्याकडे सूर्य बुडायला आला की तिकडे बायका अजून स्वयंपाकघरात असतात, आणि त्यांचा शब्बाथ सुरू होण्याआधीच्या त्या वेळात फोनवर सगळे एकमेकांची पातेली पाहून घेतात. गेल्या नव्याच्या सणाला बायच्या अश्दोदमधल्या नातीनं हलवा दाखवला. चीक काढलाच नव्हता, कॉर्नफ्लॉवर वापरला होता आणि नारळाचं दूध डब्यातलं. सूनबाई इथून ओरडल्या, हा हलवा नव्हे, ही जेली. नात म्हणाली, मामी, कामावरून येऊन तीन दिवस गहू कोण भिजवणार? मग दोघींनी निवाड्यासाठी फोन माझ्याकडे फिरवला, मोरगावची चीकवाली म्हणून. मी सांगितलं ते असं: चिकाची चव कॉर्नफ्लॉवरला येत नाही, पण तुझ्या वड्या आमच्यापेक्षा सरळ पडल्यात. सूनबाई त्यानंतर दोन शनिवार माझ्याशी तुटक बोलत होत्या.